एका खुर्चीसाठी लागणारी यंत्रं

आमच्या घरातला संडास देशी पद्धतीचा आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. सहा महिने हे वाक्य मला चारचौघांत उच्चारता आलं नाही, आणि त्यापायी मी घराच्या बोळात सुतारकामाचा कारखाना उभा केला.

होळीनंतर आबा, म्हणजे माझे वडील, गावाकडून आमच्याकडे परभणीला राहायला आले. त्यांचं आयुष्य मेंढरांमागे चालण्यात गेलं. जिंतूरच्या डोंगरापासून पालमच्या माळापर्यंतचा मुलूख त्यांनी पायांनी मोजलेला. त्या चालण्याने शेवटी गुडघे खाल्ले. आता त्यांना उकिडवं बसता येत नव्हतं. गावात बांधाला टेकून, काठीला धरून कसंबसं भागत होतं. इथे चार फुटांच्या फरशीत टेकायला काही नव्हतं. मी खिडकीच्या गजाला नायलॉनची दोरी बांधून दिली आणि म्हणालो, ही तात्पुरती सोय. आबा त्या दोरीला धरून खाली बसत आणि दोरीलाच धरून वर येत. आतून "नरसिंहा, नरसिंहा" असं ऐकू आलं की ते उठायलेत, हे घराला कळे.

बायको दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "अहो, औषधाच्या दुकानात मधे भोक असलेली खुर्ची मिळते. घेऊन या की."

"ती घडीची, लोखंडी?" मी म्हणालो. "आबांसाठी? मी स्वतः करतो. सागवानी."

हे वाक्य ऐकायला फार चांगलं आहे. मलाही ते बोलताना चांगलं वाटलं होतं. पण कबूल करायचं तर सगळंच करावं. दोन वर्षांपासून मी मोबाइलवर सुतारकामाचे व्हिडिओ बघत होतो. मी शाळेत विज्ञान शिकवतो. आजवर माझ्या हातून तयार झालेली वस्तू म्हणजे प्रश्नपत्रिका. यंत्र घ्यावं असं फार वाटे, पण घ्यायला कारण नव्हतं. आबांच्या गुडघ्यांनी ते दिलं. लिहायला लाज वाटते, पण ते पहिल्यांदा दोरीला धरून बाहेर आले तेव्हा मला वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्याच्या पाठोपाठ जिगसॉ आठवली. जिगसॉ म्हणजे लाकडात गोल भोक कापणारी विजेची करवत.

मी अभ्यासाला लागलो. व्हिडिओतले परदेशी लोक ज्याला छोटीशी जागा म्हणत, तीत आमचं घर अंगणासकट बसलं असतं. एकाने सांगितलं, ब्रश नसलेली मोटर घ्या. मोटरला ब्रश असतो हेच मला माहीत नव्हतं, तरी आपल्या मोटरला तो असणं हे मला कमीपणाचं वाटू लागलं. वायरचं यंत्र घ्यावं की बॅटरीचं, या प्रश्नावर मी उन्हाळ्याची अख्खी सुट्टी काढली. वही केली. वहीत रकाने पाडले. वजन, फेरे, हमी, आवाज. आबांच्या गुडघ्यापासून जमिनीपर्यंतची उंची किती, हा रकाना वहीत नव्हता.

जूनमध्ये बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हातारा, दखनीत बोलणारा, शहरातल्या निम्म्या मिस्त्रींचा विश्वासू. काउंटरपाशी आमचे ओळखीचे मिस्त्री चहा पीत बसले होते. आमच्या घराची दारं-खिडक्या त्यांच्याच हातची. आणखी तीन-चार गिऱ्हाइकं होती, त्यांत माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील.

"बोलो सर, क्या होना?"

"जिगसॉ. आणि एक ड्रिल मशीन."

"धंदे के वास्ते के घर के?"

"घरी."

"घर में क्या बनाते जी?"

साधा प्रश्न होता. काय करणार ते कळल्याशिवाय तो माणूस यंत्र देत नसे, हे नंतर समजलं. मी तोंड उघडलं. विद्यार्थिनीच्या वडिलांनी नमस्कार केला. आणि माझ्या तोंडून निघालं, "देव्हारा."

दुकानदाराने हातातला खोका परत फळीवर ठेवला. "फिर ये नक्को सर. ये हल्का है. देव का काम है, हल्का माल मेरे हाथ से नै जाता." तो आत गेला आणि दुसरा, जड खोका घेऊन आला. वर करवतीच्या पात्यांचं एक पाकीट ठेवलं. "ये मेरी तरफ से. इबादत का काम है."

मी पाकीट घेतलं. लपवत नाही, मी ते घेतलं.

मिस्त्रींनी बशी खाली ठेवली. "देव्हारा व्हय? लय झाक. किती बाय किती?"

"दीड बाय... दोन."

"कळस साधा का कोरीव?"

"कोरीव," मी म्हणालो. खोटंच बोलायचं तर साधा कळस कशाला?

"मंग तुमाला राउटर लागंल सर. कोरीव काम ह्याच्यानं होत न्हाई."

इथून माझी खरी घसरण सुरू झाली. खुर्चीला लागणारी दोन यंत्रं मी त्या दिवशी पिशवीतून घरी आणली होती. पण मिस्त्री रस्त्यात भेटत. दुकानदार शाळेवरून जाताना स्कूटर थांबवी. दोघंही भली माणसं. दोघांनाही माझ्या देव्हाऱ्याची काळजी. कळसासाठी राउटर, म्हणजे लाकडात नक्षी कोरणारं यंत्र, घेतला. राउटर घेतल्यावर मिस्त्री म्हणाले, देव ठेवायची जागा आरशासारखी पाहिजे, म्हणून घासायचं मशीन घेतलं. फळ्या एका जाडीच्या पाहिजेत म्हणून विजेचा रंधा घेतला. आणि खांब सरळ चिरले गेले पाहिजेत म्हणून श्रावण लागायच्या आत टेबलाएवढी चक्री करवत घेतली. ती टेम्पोतून आली. ती ठेवायला बोळातला कूलर गच्चीवर गेला. वर पत्रे टाकले. इतकी यंत्रं मी एका अशा देव्हाऱ्यासाठी घेतली, जो मी कधीच करणार नव्हतो. आणि नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हणायचं तर खुर्चीचं सांगावं लागलं असतं.

आबा बोळात बाजेवर बसून सगळं बघत. नवीन खोका उघडला की विचारत, "ह्याच्यानं काय करतेत?"

"ह्याचे मिनिटाला हजारो फेरे होतात, आबा."

"आस्सं." मग थोडं थांबून, "अन् बसायचं कशावर?"

"त्याचंच चाललंय."

"चालू दे, चालू दे. घाई न्हाई."

यंत्र घेणाऱ्या माणसाचं एक मानसशास्त्र असतं. पुढचं यंत्र येईपर्यंत आधीच्या यंत्राने काम सुरू करणं त्याला घाईचं वाटतं. राउटर नसताना ड्रिल चालवणं म्हणजे अर्धवटपणा. चक्री नसताना राउटर चालवणं म्हणजे गावठीपणा. चक्री आल्यावर कळलं की आमच्या गल्लीतला व्होल्टेज तिला पुरत नाही. ती सुरू केली की घरातले दिवे मान टाकत, पंखा दमेकऱ्यासारखा फिरे, आणि शेजारून हाक येई, "सर, टीव्ही बंद पडायलाय!" म्हणून स्टॅबिलायझर बघायला लागलो. मी स्वतः मुलांना विद्युतधारा शिकवतो. फळ्यावर ती व्यवस्थित वाहते.

आषाढात बायकोने मला न विचारता ती घडीची खुर्ची आणली. दारात उभी करून म्हणाली, "ही तोवर राहू द्या."

मी चिडलो. का चिडलो, ते तेव्हाही मला माहीत होतं. ती खुर्ची घरात राहिली असती तर बोळातल्या सगळ्या यंत्रांना उत्तर मिळालं असतं. मी म्हणालो, "दोन दिवसांत होतंय. माझ्या कष्टाची काही किंमत?" आणि मी ती दुकानात परत करून आलो.

आबा बाजेवरून म्हणाले, "राहू दे सूनबाई. त्यो करायलाय न्हवं माझ्यासाठी."

श्रावणात आबांनी रात्रीची भाकरी सोडली. "श्रावण हाय," म्हणाले. "जीव हलका राहतो." श्रावण संपला, गणपती बसले आणि उठले, आबांचा जीव हलकाच राहिला. गालाची हाडं दिसू लागली. पितृपक्षात एका दुपारी बायको भांडी घासता घासता थांबली आणि माझ्याकडे पाठ ठेवूनच बोलली.

"आबा रात्रीचं का जेवत नाहीत, ठाऊक आहे का तुम्हाला?"

"वय झालं."

"कमी खाल्लं की कमी वेळा जावं लागतं. मला त्यांनी सांगितलं नाही. पण मला दिसायलंय."

ज्या माणसाला हे ऐकल्यावर काही वाटलं नसेल तो माणूस नव्हेच. मला वाटलं. फार वाटलं. आणि दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन लाकूड आवळून धरायचे चार शिकंजे घेऊन आलो.

"कितना हुआ देवघर?" दुकानदाराने विचारलं.

"होत आलं," मी म्हणालो.

नवरात्र बसलं. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. आमच्याकडे पूर्वी कात्री, विळा आणि आबांची कुऱ्हाड एवढ्यावर पूजा भागे. या वर्षी बायकोने बोळ धुतला, सडा घातला, आणि मी यंत्रं उंचीप्रमाणे उभी केली, शाळेतल्या प्रार्थनेसारखी. प्रत्येकाला झेंडूची माळ. मिस्त्रींनी गल्लीत आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे पाच-सात शेजारणी आणि दोघे-तिघे शेजारी बघायला आले. मिस्त्री स्वतःची पूजा उरकून, धुतलेला सदरा घालून आले.

मी मनापासून पूजा केली. अपराधी माणूस पूजा फार मनापासून करतो. हळद-कुंकू सढळ हाताने वाहिलं. अक्षता तर मुठीने टाकल्या. नारळ मी चक्री करवतीच्या लोखंडी टेबलावरच फोडला, कारण ती सगळ्यांत मोठी होती आणि मान तिचा होता. पाणी पात्याच्या फटीतून आत गेलं. मला ते शुभ वाटलं.

"पण सर, देव्हारा कुठंय?" एका शेजारणीने विचारलं. "उद्या दसऱ्याला देव बसवणार म्हणं तुमी?"

"पॉलिश राहिलंय," मी म्हणालो.

आबा भिंतीला धरत दारापर्यंत आले होते. त्यांनी आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"कशाचा देव्हारा?" ते म्हणाले. "देव्हारा न्हाई बाई. संडासाची खुर्ची करायलाय त्यो. माझ्यासाठी. मला खाली बसता येईना म्हणून. सहा महिने झाले बगा, एकटाच राबायलाय. बाजारची आणू देईना."

त्यांच्या बोलण्यात टोमणा असता तर मी टिकलो असतो. टोमणा नव्हता. ते माझी बाजू घेत होते. लेकाची तारीफ करत होते.

कोणीतरी उदबत्तीची राख उगाचच झटकली. मिस्त्रींनी टोपी काढून पुन्हा घातली.

"खरं का सर?"

"हौ," मी म्हणालो.

"मंग तवाच कामून न्हाई सांगितलं? भोक पाडायला अर्धा तास लागतो. मी चहा प्यायला बसलो होतो तितक्यात झालं असतं."

बायको यंत्रांकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग असता तरी बरं वाटलं असतं.

"उद्या सकाळच्याला येतो," मिस्त्री म्हणाले. "आज हत्याराला हात लावायचा न्हाई. पूजलेलं हाय."

"या, या," आबा म्हणाले. "आता इतकं काढलं. पोटाला नवमी कळत न्हाई, पण मी सांगून बगतो त्याला."

लोक हसले. आबाही हसले, आणि हसता हसता त्यांनी भिंत घट्ट धरली.

मी वाकलो आणि जिगसॉची माळ काढली.

"अहो," बायको म्हणाली, "पूजा झालीय."

"झाली असू दे."

"सर, पाप लागंल," शेजारीण म्हणाली.

माझ्या खात्यावर आणखी थोडं लागलं असतं तर कोणाला कळलंही नसतं. मी यंत्र घेऊन उभा राहिलो, आणि पुढे काय करायचं ते मला माहीत नव्हतं. दोन वर्षांचे व्हिडिओ आणि एक भरलेली वही. तरी माहीत नव्हतं.

मिस्त्रींनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. "मी हात लावणार न्हाई. पण तोंड चालवायला बंदी न्हाई. लाकडाची तयार खुर्ची हाय का घरात?"

होती. एकच होती. तिच्यावर बसून मी यंत्रांचा अभ्यास करत असे. आणली.

"हिच्यातच पाडा भोक. नवं कशाला पाहिजे? आबा, जरा बसा हिच्यावर. हां. पाय टेकंनात पुरते. दोन बोटं कमी करा पायाची."

पाय कापायचे म्हटल्यावर मी सवयीने मोठ्या यंत्राकडे गेलो. बटण दाबलं. धप्पकन आवाज झाला आणि घरातली लाइट गेली.

मिस्त्री फटीत डोकावले. "एवढी दांडगी मशीन, अन् नारळाच्या पाण्यानं बसली. सर, लोखंडावर कोणी नारळ फोडतं का? कडंला दगड न्हवता?"

बायकोने आत जाऊन मेन स्विच वर केला. मी जिगसॉ लावली. ती सुरू होताच तिच्या मोटरीच्या जाळीतून अक्षता बाहेर उडाल्या, मळणी यंत्रातून सोयाबीन उडावं तशा, आणि पाठोपाठ हळदीचा लोट. शेजारणींनी पदर तोंडाला लावले. एक म्हणाली, "अगं बाई, हिनं तर लग्नच लावलं!" मी थांबलो, जाळी झटकली, पुन्हा सुरू केलं. चारही पाय कापले. मग मिस्त्रींनी सांगितलं तसं बैठकीच्या मधोमध ड्रिलने एक छिद्र पाडलं, त्यात पातं घातलं आणि पेन्सिलीच्या रेघेवरून फिरवायला लागलो.

"सावकाश. ढकलू नका तिला. तिची ती जाती. तुमी फकस्त दिशा दावा... तिकडं कुठं चालले सर?"

भोक गोल झालं नाही. परभणी जिल्ह्याच्या नकाशासारखं झालं. पण आरपार झालं.

मी घासायचं मशीन उचललं. मिस्त्रींनी मान हलवली. "ते ठिवा. कागदानं घासा, हातानं. अन् मदी मदी बोट फिरवून बगा. म्हाताऱ्या मानसाचं कातडं हाय. कुसळ राहिलं तर त्यो सांगणार न्हाई तुमाला."

हे त्यांनी हळू आवाजात सांगितलं. मी जमिनीवर बसून ती कड घासली. मांडी घालून, सहज बसलो होतो. आबा माझ्या त्या मांडीकडे बघत होते, की मला तसं वाटलं, कोण जाणे. बोटं लाल झाली. मिस्त्रींनी दोनदा "अजून" म्हटलं आणि तिसऱ्यांदा काही म्हटलं नाही.

खुर्ची आत नेऊन मी संडासाच्या भांड्यावर बसवली. एक पाय किंचित उचललेला राहत होता. बायकोने जुनी चप्पल कापून त्याच्याखाली घातली. आबा आत गेले आणि कडी लागली.

आता बोळात उभी असलेली दहा माणसं एकदम गप्प झाली. सगळ्यांचे कान एकाच दिशेला. मिस्त्री माझ्या कानाशी आले.

"मोठ्यानं बोला सर. म्हाताऱ्याला लाज वाटत असंल."

"काय बोलू?"

"काय बी. सागवान बोला!"

"सागवान!" मी ओरडलो. "सागवान चांगलं की बाभूळ?"

"बाभूळ!" मिस्त्री ओरडले. "बाभळीला मरण न्हाई!"

"लिंबाचं लाकूड कसं?" शेजारचे गृहस्थ ओरडले. त्यांना लाकडातलं काही कळत नाही.

"कडू! पन कीड लागत न्हाई!"

असे आम्ही बराच वेळ एकमेकांवर लाकडं फेकत राहिलो. खंडेनवमीला आमच्या घरी भांडण झालं अशी बातमी पुढच्या गल्लीत गेली, ती याचमुळे. त्या आरडाओरड्यात मी आतला आवाज ऐकायचा प्रयत्न करत होतो. "नरसिंहा" आज ऐकू आलं नाही. पाण्याचा आवाज आला. मग कडी वाजली.

आबा बाहेर आले. धोतर सावरलं, सगळ्यांकडे एकदा पाहिलं.

"हलती जराशी," ते म्हणाले. "पण बसता येतंय."

शेजारीपाजारी पांगले. मिस्त्रींनी चहा घेतला आणि चक्री दुरुस्त करायला कोणाकडे न्यावी ते सांगितलं. मी ऐकलं नाही. दसऱ्यानंतर दुकानात जाऊन म्हाताऱ्याला काय ते खरं सांगायचं, एवढंच मनात घोळत होतं. कसं सांगायचं ते जमत नव्हतं.

दिवे लागायच्या आत आबा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभे राहिले.

"सूनबाई, भाकरी हाय का? सकाळची असली तरी चालंल."

बायकोने सकाळची दिली नाही. पीठ मळलं. आबांनी दोन भाकरी पिठल्याबरोबर खाल्ल्या, बोटं चाटली आणि ताटात बघत, जरा ओशाळून, आणखी अर्धी मागितली. तवा उतरवला होता. माझ्याकडे न बघता बायकोने तो पुन्हा गॅसवर ठेवला.